तीन सर्व्हर, एक व्हॉल्यूम

आज तीन सर्व्हरच्या ४-४ टीबी डिस्क ग्लस्टरएफएसने (अनेक सर्व्हरच्या डिस्क मिळून एकच व्हॉल्यूम, म्हणजे एकच साठा, दाखवणारं सॉफ्टवेअर) जोडल्या. नुसतं डिस्ट्रिब्यूट ठेवलं, म्हणजे फायली सर्व्हरांमध्ये वाटून ठेवल्या, तर १२ टीबी मिळतात, पण एक सर्व्हर बसला की त्याच्यावरच्या फायली दिसेनाशा होतात. म्हणून रेप्लिका ३, म्हणजे प्रत्येक फायलीची तिन्ही सर्व्हरवर एकेक प्रत. हाती ४ टीबीच, तरी मला हेच पटतं. दोन प्रतींवर भागवू नका. मधलं नेटवर्क तुटलं की दोन्हीकडे वेगवेगळं लिहिलं जातं आणि खरी प्रत कोणती ते ठरत नाही. तिसरी मोठी डिस्क परवडत नसेल तर आर्बिटर घ्या, तो फक्त फायलींची नावं आणि मेटाडेटा ठेवतो.

ब्रिक, म्हणजे सर्व्हरवर ग्लस्टर डेटा ठेवतो ती जागा, नेहमी डिस्क जिथे माउंट होते (जोडली जाते) त्याच्या आतल्या फोल्डरमध्ये करा. रीबूटनंतर डिस्क माउंट झालीच नाही, तर तो फोल्डर सापडत नाही आणि ब्रिक सुरू होत नाही. हेच हवं! नाहीतर डेटा गुपचूप रूट पार्टिशनवर साचतो.

फायरवॉलमध्ये २४००७ आणि ४९१५२ पासून पुढचे पोर्ट उघडा. पहिलाच उघडला तर पीअर (बाकीचे सर्व्हर) जोडलेले दिसतात, व्हॉल्यूमचं माउंट मात्र अडकतं.