नॉर्वेची जुनी चांदी : ठसे वाचायची माझी पद्धत

जुन्या चमच्यावर किंवा ब्रोचवर ‘८३० एस’ दिसलं की बहुतेक जण तिथेच थांबतात. चांदी आहे, नॉर्वेची आहे आणि जुनी आहे, असे तीन निष्कर्ष एका आकड्यावरून काढून मोकळे होतात. त्यातला पहिलाच बऱ्यापैकी भरवशाचा. हाच आकडा डेन्मार्कच्या वस्तूंवरही येतो, आणि बुनाड या पारंपरिक पोशाखावर लावायच्या ज्या सोल्ये (चांदीचे ब्रोच) आजही जुन्या घाटाने घडवल्या जातात, त्यांच्यावरही बऱ्याचदा ‘८३० एस’च असतं. त्यामुळे आकडा मी टिपून ठेवते आणि मोर्चा घडवणाऱ्याच्या ठशाकडे वळवते.

याचं कारण नॉर्वेच्या पद्धतीतच आहे. १८९१च्या कायद्याने चांदीची किमान शुद्धता हजारात ८३० ठरली. आपल्या सराफाच्या भाषेत ८३ टंच. पण इंग्लंडसारखं वर्षाचं अक्षर नाही, तपासणी कचेरीचा सक्तीचा शिक्काही नाही. घडवणाऱ्याने आकडा आणि स्वतःचा ठसा मारायचा, हमी त्याचीच. म्हणजे वस्तू कोणाची आणि साधारण कधीची, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्या इवल्याशा ठशात आणि वस्तूच्या घडणीत शोधावी लागतात. १८९१च्या आधीच्या वस्तूंवर बऱ्याचदा ‘१३ १/४’ असा आकडा सापडतो. तो लोडमधला: १६ लोड म्हणजे शुद्ध चांदी, त्यातले सव्वातेरा. टंच काढलं तर ८२.८. आकडा बदलला, धातू जवळपास तोच राहिला.

वस्तू हातात आली की आधी पॉलिश करायचं नाही. कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश आणि सुती कापड, बस. ठशाच्या कडा पॉलिशने बोथट होतात, आणि एकदा त्या गेल्या की कुठलंही भिंग त्या परत आणत नाही. खाचांतला काळपटपणा तर ठेवायचाच, अक्षर वाचायला त्याचीच मदत होते.

मग ठसा शोधायचा. चमच्यावर तो दांड्याच्या मागे असतो. डबीवर बुडाला आणि झाकणाच्या आतही पाहावं, दोन्हीकडचे ठसे जुळले पाहिजेत. ब्रोचवर मागच्या पत्र्यावर, कधी पिनेच्या बिजागरीशेजारी. ठसा फक्त पिनेवर असेल आणि पत्र्यावर काहीच नसेल, तर मी सावध होते. पिना बदलल्या जातात, त्यामुळे अशा वेळी ठसा दुरुस्ती करणाऱ्याचा असू शकतो.

दहापटीचं भिंग आणि एक छोटा दिवा एवढं पुरतं, मात्र उजेड समोरून नको. दिवा पृष्ठभागाच्या जवळजवळ समांतर धरायचा म्हणजे सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. वस्तू हळूहळू फिरवत चारी बाजूंनी फोटो काढायचे आणि फोटो उलटे करूनही पाहायचे, कारण ‘एम’ आणि ‘डब्ल्यू’ यांची अदलाबदल इथे नित्याची. वहीत तीन गोष्टी लिहायच्या: अक्षरं, त्यांच्याभोवतीच्या चौकटीचा आकार (लंबगोल, आयत, ढालीसारखा, की चौकटच नाही) आणि अक्षरं सुटी आहेत की एकमेकांत गुंफलेली. शोधताना चौकट अक्षरांइतकीच कामाची असते, कारण तीच आद्याक्षरं असलेले अनेक सोनार निघतात. नॉर्वेजियन वर्णमालेतल्या, तिरकी रेघ मारलेल्या ‘ओ’कडे खास लक्ष द्यावं. ती रेघ ओरखडा समजून सोडली की तुम्ही भलत्याच नावामागे लागता.

ठोकलेलं आणि कोरलेलं यातला फरक इथेच करून टाकावा. ठसा ठोकला की धातू दबतो, कडेला किंचित उठतो आणि पातळ पत्र्यावर मागच्या बाजूला त्याची सूज दिसते. कोरलेल्या अक्षराला हत्याराच्या धारेची चकचकीत खाच असते. चमच्यावर कोरलेली तीन अक्षरं बहुधा मालकाची: पहिलं नावाचं, दुसरं वडिलांच्या नावाचं आणि तिसरं ‘एस’ किंवा ‘डी’, म्हणजे मुलगा किंवा मुलगी. ‘के. ओ. डी.’ म्हणजे ओलेची मुलगी कारी, असं काहीतरी. १९२३च्या कायद्याने कायमची आडनावं सक्तीची झाली. त्याआधी वडिलांच्या नावाने ओळखायची ही रीत खेड्यापाड्यांत सर्रास होती. अशी अक्षरं सोनाराची समजून लोक तासन्‌तास याद्या धुंडाळतात. कोरलेल्या वर्षाचंही तसंच. ते बारशाचं, लग्नाचं किंवा कुणाच्या आठवणीचं असतं आणि जुन्या चमच्यावर नंतरही कोरलेलं असू शकतं.

घडवणाऱ्यांपैकी काही ठसे डोळ्यांत बसवून ठेवले की निम्मं काम होतं. याकोब टोस्ट्रुप यांची पेढी १८३२ची, तेव्हाच्या ख्रिस्तियानियातली, म्हणजे आजच्या ओस्लोतली. तिच्या वस्तूंवर बऱ्याचदा पूर्ण नावच सापडतं. डाविड आंडर्सेन यांनी १८७६ मध्ये त्याच शहरात दुकान काढलं. ‘डी’ आणि ‘ए’ ही अक्षरं आणि तराजू ही त्या घराण्याची खूण, आणि विसाव्या शतकातल्या वस्तूंवर जोडरेघ असलेलं पूर्ण नावही असतं. त्यांच्या ब्रोचवर ‘आयएनव्ही’ आणि पुढे काही अक्षरं असली, तर ती आराखडा काढणाऱ्या कलाकाराची असतात, कारागिराची नव्हेत. बेर्गनच्या मारिउस हामर यांचा ठसा एकदा पाहिला की विसरत नाही: ‘एम’ अक्षर आणि त्याला छेदून जाणारा हातोडा. दुकानदाराचं नाव आणि कारखान्याचा ठसा शेजारी शेजारी असणंही नेहमीचं आहे. अशा वेळी मोठं, वाचायला सोपं नाव हे विकणाऱ्याचं असू शकतं, आणि वस्तू घडवली कुणी ते बाजूचा बारीक ठसा सांगतो.

हामर यांचा एक छोटा चमचा माझ्या संग्रहात आहे, त्यावरून बरंच समजतं. दांड्यामागे ‘एम’ आणि हातोडा, शेजारी ‘९३० एस’. हा आकडा पाहून अनेकांना बनावटीचा संशय येतो, पण नॉर्वेच्या, विशेषतः परदेशी गिऱ्हाइकांसाठी केलेल्या मीनाकामावर तो सापडतो आणि त्यात वावगं काही नाही. ब्रिटनमध्ये ९२५च्या खालची चांदी चांदी म्हणून खपत नसे, हे ध्यानात घेतलं की ८३०च्या वर जायचं कारण उमगतं. ब्रिटनला गेलेल्या वस्तूवर तिथल्या तपासणी कचेरीचा आयात-शिक्का आणि वर्षाचं अक्षर असेल तर सोन्याहून पिवळं. नॉर्वेने न दिलेली तारीख ब्रिटनने दिलेली असते. या चमच्याच्या वाटीत चांदीचा पत्राच नाही. तारेची घरं आणि त्यांत आरपार दिसणारा मीना, एवढंच. उजेडासमोर धरला की निळा आणि हिरवा रंग काचेसारखे उजळतात. या आरपार मीन्यासाठी नॉर्वेचे कारागीर १९००च्या आसपास युरोपभर नावाजलेले होते. टोस्ट्रुप यांच्याकडे तोरोल्फ प्रित्स आणि डाविड-आंडर्सेनकडे गुस्ताव गाउडरनाक ही त्यातली मोठी नावं. गाउडरनाक यांनी १९१० मध्ये स्वतःची कार्यशाळा काढली.

मीना तपासताना आधी आरपार उजेड, मग तिरका उजेड, मग नखाचं टोक अगदी हलक्या हाताने. केसासारखी चीर आरपार उजेडात दिसते, टवका तिरक्या उजेडात. नंतर अंधारात अतिनील टॉर्च मारायचा. शेजारच्या मीन्यापेक्षा एखादा तुकडा वेगळाच, दुधट चमकला, तर तिथे राळ किंवा रंग भरलेला असण्याची शक्यता मोठी. राळेने भरलेली जागा वाईटच असं नाही, पण किंमत तिच्यासकट ठरली पाहिजे.

ठसा कळला नाही, तर आधी शेजारचे देश वगळते. तीन बुरूज आणि त्याखाली वर्षाचे दोन आकडे असतील तर वस्तू डेन्मार्कची. तीन मुकुट आणि अक्षर-आकड्याची वर्षखूण असेल तर स्वीडनची. मुकुट आणि ‘८३० एच’ किंवा ‘८१३ एच’ असेल तर फिनलंडची. यांपैकी काहीच नसेल आणि नुसता आकडा व आद्याक्षरं असतील, तर नॉर्वे संभवतं. पण डेन्मार्कच्या बऱ्याच वस्तूंवरही बुरूज नसतात, त्यामुळे सोनाराचं नाव जुळेपर्यंत मी लेबलवर देश लिहीत नाही.

मुलाम्याच्या वस्तू वेगळ्या काढणं त्याहून सोपं. ‘अल्पाका’ म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर, त्यात चांदी अजिबात नसते. ‘टिन’ लिहिलं असेल तर कथिलाचा मिश्रधातू. चमच्यांवर ४० किंवा ६० असे ग्रॅमचे आकडे मुलाम्यात वापरलेल्या चांदीचे असतात, शुद्धतेचे नव्हेत. लोहचुंबकाचा इथे फारसा उपयोग नाही, कारण जर्मन सिल्व्हरही त्याला चिकटत नाही.

ठसा पुसट असेल आणि वस्तू भरीव असेल, तर मी पाण्यातलं माप घेते. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागतो. चमचा आधी कोरडा तोलायचा. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि चमचा बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला वा कडेला टेकणार नाही असा लोंबता धरायचा. काट्यावर दिसतील तेवढे ग्रॅम म्हणजे चमच्याचं घनसेंटिमीटरमधलं आकारमान. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता. ४० ग्रॅमचा चमचा ८३०चा असेल तर काटा ३.९३च्या आसपास दाखवतो, ९२५चा असेल तर ३.८६, आणि जर्मन सिल्व्हरचा असेल तर ४.६ किंवा थोडा जास्त. चांदी की जर्मन सिल्व्हर हे यातून निःसंशय कळतं. ८३० की ९२५ ठरवायला मात्र हात स्थिर हवा, कारण फरक अवघा ०.०७ ग्रॅमचा. हवेचे बुडबुडे सगळं बिघडवतात, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून चमचा आधी भिजवून घ्यायचा. चाकूंवर हे करू नये. पातं पोलादाचं आणि मूठ पोकळ, आत राळ भरलेली, त्यामुळे येणाऱ्या आकड्याला अर्थ नसतो. तेजाबाची परीक्षा मी करत नाही. चांदीचा असो वा मीन्याचा, पृष्ठभागावर तिचा डाग कायमचा राहतो.

काळ ठरवताना गावाचं नाव मदतीला येतं. राजधानीचं नाव आधी ‘सी’ने लिहिलं जाई. सरकारी कागदांत १८७७ पासून आणि नगरपालिकेत १८९७ पासून ते ‘के’ने लिहू लागले, आणि १ जानेवारी १९२५ पासून शहर ओस्लो झालं. ठशात ‘ओस्लो’ असेल तर वस्तू त्याआधीची नसणार, हे पक्कं. उलट बाजूने इतकी खात्री धरू नये, जुना पंच काही काळ वापरात राहू शकतो. वस्तूसोबत आलेल्या डबीवरच्या छापील नावावर तर अजिबात विसंबू नये, डब्या सहज बदलतात. ‘स्टर्लिंग’ आणि ‘नॉर्वे’ हे इंग्रजी शब्द ‘९२५ एस’सोबत असले, तर वस्तू निर्यातीची आणि बहुधा विसाव्या शतकाच्या मध्याची किंवा नंतरची. ब्रोचची कडी नुसती ‘सी’च्या आकाराची आहे की फिरवून बंद होणारी, तेही पाहावं. फिरकीची कडी विसाव्या शतकातली. मात्र जुन्या ब्रोचला नवी कडी झाळलेली असू शकते, म्हणून कडीच्या मुळाशी भिंग लावायचं.

आणि तिथेच सर्वांत जास्त नुकसान सापडतं. मीन्याजवळ चांदीची झाळ लावायची तर उष्णता फार लागते आणि मीना तडकतो, म्हणून कुणीतरी कथिल-शिशाचा डाग देऊन काम भागवलेलं असतं. तो मातकट करडा, मऊ आणि पसरट दिसतो. अशी वस्तू नंतर कोणी भट्टीत तापवली, तर शिसं चांदीत उतरून ती खाऊन टाकतं आणि खड्डे पडतात. दुरुस्तीला देताना हा डाग आधी दाखवावा आणि तो पूर्ण काढल्याशिवाय जाळ लावू नका असं स्पष्ट सांगावं. ठशाच्या भोवतीही असाच जोड आहे का, हे बघायला त्यावर तोंडाची वाफ सोडायची. दुसऱ्या वस्तूतून कापून बसवलेला ठसा असेल, तर वाफ निवताना झाळेची रेघ क्षणभर वेगळी दिसते.

स्वच्छतेसाठी अॅल्युमिनियमचा कागद आणि सोडा ही युक्ती साध्या चमच्यांपुरती ठीक आहे. सोल्येवर नको, कारण तारकामातला मुद्दाम केलेला काळा रंगही त्यात निघून जातो. सोन्याचं पाणी दिलेल्या मागच्या बाजूला पॉलिश लावू नये, तो थर फार पातळ असतो. अल्ट्रासॉनिक यंत्रात मीनाकाम कधीच टाकू नये.

ठसे ताडून पाहायला ओस्लोच्या नॅशनल म्युझियमचा आणि बेर्गनच्या ‘कोडे’ या संग्रहालयाचा चांदीसंग्रह आहे, आणि घरबसल्या पाहायला ‘डिजिटाल्ट म्युझियम’ हे नॉर्वेतल्या संग्रहालयांचं सामाईक दालन. तिथे नॉर्वेजियन शब्दांनीच शोध घ्यावा, ‘सोल्ये’ किंवा ‘स्टेम्पेल’ (ठसा). इंग्रजीत शोधलं की बऱ्याच नोंदी हाती लागत नाहीत. नोंदीत ठशाचा फोटो असेल तर आपल्या फोटोशी चौकटीसकट जुळवायचा. नुसती अक्षरं जुळली म्हणून मी नाव लिहीत नाही, पेन्सिलीने प्रश्नचिन्ह टाकून ठेवते. वहीत प्रत्येक वस्तूपुढे वजन, पाण्यातलं माप, ठशाचे दोन फोटो आणि कोणत्या बाजूला काय दुरुस्ती आहे, एवढं असतं. ८३०ची वस्तू असेल तर वजन गुणिले ०.८३ असं शुद्ध चांदीचं वजनही लिहून ठेवते: ४० ग्रॅमचा चमचा म्हणजे ३३.२ ग्रॅम. विकणाऱ्याने मोडीचा भाव सांगितला की सौदा तिथून सुरू होतो, आणि मीना, ठसा व घडण यांचं मोल त्याच्यावर चढतं.