डेफचं प्रेशर कमी: पंप बदलण्याआधी टाकीत डोकवा

‘टाकी फुल करून तपासली, प्रेशर ओके, दोष आढळला नाही.’ डेफचं प्रेशर कमी असल्याचा कोड परत परत येत होता आणि जॉब कार्डावर हे वाक्य मी तीन वेळा वाचलं. (डेफ म्हणजे धूर साफ करण्यासाठी सायलेन्सरमध्ये फवारलं जाणारं युरियाचं द्रावण.) चौथ्या वेळी त्याच वर्कशॉपने नवा युरिया पंप, म्हणजे डेफ टाकीतून ओढून पुढे ढकलणारा पंप, टाकायला सांगितलं. चीड अजून गेलेली नाही, कारण उत्तर त्यांच्याच वाक्याच्या पहिल्या तीन शब्दांत होतं.

बीएस-6 ट्रेलर, पंप बॉशचा डेनॉक्सट्रॉनिक 2.2. कोड एसपीएन 4334, एफएमआय 18. काही स्कॅनरवर हाच पी20ई8 म्हणून दिसतो. अर्थ एवढाच, की डोझरपर्यंत (सायलेन्सरमध्ये डेफ फवारणारा भाग) जाणाऱ्या डेफचं प्रेशर हवं त्यापेक्षा कमी आहे. हा पंप 9 बार धरून ठेवतो. दुसऱ्या जातीच्या पंपाचा आकडा वेगळा असू शकतो, तो मॅन्युअलमधूनच घ्यावा. कोड अंगावर काढला तर आधी ताकद कापली जाते आणि मग गाडी ताशी 20 किमीच्या वर सरकत नाही.

नुसता कोड वाचून पंपावर बोट ठेवू नका. स्कॅनरवर प्रेशर, पंपाची ड्यूटी (पंप किती टक्के जोर लावतोय) आणि टाकीची लेव्हल एकाच वेळी लावून बघा. चावी ऑन, इंजिन बंद, लाइन रिकामी असताना प्रेशर शून्याच्या आसपास हवं. तिथेच दोन-तीन बार दाखवत असेल तर सेन्सर किंवा वायरिंग बघा, बाकी तपासणी नंतर. आमच्याकडे शून्य बरोबर होतं. गाडी तापल्यावर मात्र ड्यूटी वर चढत गेली आणि प्रेशर चार-पाच बारवर थरथरत राहिलं. आकडा थरथरतो तेव्हा पंपात हवा जातेय. कमी पण स्थिर राहतो तेव्हा गळती, चोंदलेला फिल्टर किंवा पंपाचा थकलेला डायफ्रॅम (रबरी पडदा) शोधायचा. हा फरक मॅन्युअलमध्ये सापडणार नाही, पण क्वचितच चुकतो.

अडकलो ते इथे. टाकी भरली की कोड गायब, अर्ध्याखाली आली की परत हजर. वर्कशॉपमध्ये गाडी गेली की आधी डेफ टॉप-अप व्हायचं, मग टेस्ट. पास होणारच.

दोष पंपात आहे की पंपाच्या अलीकडे, हे ठरवायला बादली पुरते. पंपाची सक्शन लाइन काढा. त्या तोंडाला पारदर्शक नायलॉन पाइपचा तुकडा लावा आणि त्याचं दुसरं टोक स्वच्छ भांड्यातल्या ताज्या डेफमध्ये बुडवा. भांडं टाकीच्या तळाच्या उंचीवर ठेवा, वर धरलंत तर पंपाला फुकटची मदत मिळते. रिटर्न लाइनही त्याच भांड्यात सोडा. आता स्कॅनरवरून प्रेशर टेस्ट चालवा. आमचा पंप 9 बारवर गेला आणि तिथेच थांबला. म्हणजे ज्या पंपाचं कोटेशन माझ्या हातात होतं, तो ठणठणीत होता.

मग तोच पारदर्शक तुकडा टाकीची सक्शन लाइन आणि पंप यांच्यामध्ये जोडला. टाकी अर्ध्याखाली, आणि पाइपमधून बुडबुड्यांची माळ. क्विक कनेक्टरची ओ-रिंग बदलली, तरी माळ तशीच. शेवटी टाकीतला हेडर बाहेर काढला, म्हणजे लेव्हल सेन्सर, हीटिंग कॉइल आणि सक्शन पाइप एकत्र असतो तो भाग. त्याला पंप जोडून तो बादलीत हळूहळू बुडवला. खोल बुडवला की बुडबुडे बंद. वर घेतला की एका ठरावीक उंचीवर पुन्हा सुरू. सक्शन पाइपला साधारण मध्यावर केसाएवढी चीर होती. डेफ चिरेच्या वर असेपर्यंत पाइप डेफच ओढायचा, डेफ चिरेच्या खाली गेलं की हवा. हेडर बदलला आणि अर्ध्या टाकीवर घाट चढवून खात्री केली.

म्हणून टेस्टसाठी टाकी भरू देऊ नका. ज्या लेव्हलला कोड आला तीच ठेवा आणि जॉब कार्डावर ती लेव्हल टक्क्यांत लिहून घ्या.

टाकीचं झाकण सैल केल्यावर प्रेशर सुधारत असेल, तर व्हेंट (टाकीत हवा येण्याचं भोक) धुळीने बुजलाय. क्रशरवरच्या टिप्परला हे हमखास होतं. बादलीवरही प्रेशर आलं नाही, तर पंपाचा फिल्टर काढा. त्याच्यासोबत आतला लवचिक दाबपूरक भागही बसवावा लागतो, तो विसरू नका. फिल्टरनंतर डोझर सायलेन्सरमधून काढून प्रेशरखाली धरा. टेस्टमध्ये उघडायला न सांगता त्याच्या टोकाला थेंब जमत असेल, तर तो बंद होत नाहीये. रिटर्न लाइनमधला थ्रॉटल (परत जाणारं डेफ रोखणारं बारीक भोक) नीट नसेल तरी प्रेशर परत टाकीत पळतं.

वाळलेल्या डेफचे पांढरे खडे तारेने खरवडू नका, डिझेल किंवा ग्रीस तर लावूच नका. कोमट पाण्यात विरघळतात. शेवटचं धुणं डिमिनरलाइज्ड पाण्याने, नळाच्या पाण्यातले क्षार धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिस्टला खातात. टाकीत डिझेल पडलं असेल तर नुसती टाकी धुऊन भागत नाही, डायफ्रॅम आणि ओ-रिंगा फुगतात.

आणि डेफ स्वस्त मिळालं म्हणून भरू नका. शेतीचा युरिया 2015 पासून कडुनिंबाचं तेल लावलेला येतो, त्याच्यापासून बनवलेलं पाणी फिल्टर चिकट करतं. युरियाचं प्रमाण मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर योग्य 32.5 टक्के दिसलं तरी तेल त्यात कळत नाही. थोडं डेफ काचेच्या ग्लासात ओतून वर तवंग येतो का ते बघा.

ड्रायव्हरसाठी एक सवय: चावी बंद केल्याबरोबर बॅटरी कटऑफ (बॅटरी तोडणारा स्विच) फिरवायचा नाही. पंप त्यावेळी लाइनमधलं डेफ उलट ओढून टाकीत टाकत असतो. मध्येच करंट तोडला तर ते आतच राहतं आणि वाळून खडा होतो. दोन मिनिटं थांबा, आवाज बंद झाला की मग कटऑफ.