एलीची सकाळ

आमच्या चर्चच्या मंडळीतील किशोरवयीन मुलांचा गट सांभाळायला घेतला तेव्हा माझी सारी तयारी उत्तरांची होती. पहिल्याच वर्षी एका पंधरा वर्षांच्या मुलाने खुर्च्या आवरताना, माझ्याकडे न पाहता विचारले, "दादा, इतकी प्रार्थना करूनही बाबांची दारू सुटत नाही. मग देव ऐकत नाही का?" मी लगेच धीर धरण्याविषयीचे बायबलमधील एक वचन सांगितले. तो "बरं" म्हणाला, हातातली खुर्ची भिंतीशी लावली आणि निघून गेला. पुढे दोन महिने तो माझ्याशी बोललाच नाही. वचन खरेच होते. पण त्याचे दुःख माझ्या कानावरून गेले होते.

त्या काळात बायबलमधील 1 शमुवेल या पुस्तकाचा तिसरा अध्याय मी पुन्हा वाचला. शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधील मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, आपण ती मंदिरात राहणाऱ्या लहानग्या शमुवेलाची गोष्ट म्हणून शिकवतो. मला आता ती एलीचीही वाटते. दृष्टी मंद झालेल्या, स्वतःच्या मुलांना आवरू न शकलेल्या या वृद्ध याजकाला शमुवेल, आपल्याला आलेली हाक त्याचीच समजून, एकाच रात्री तीनदा उठवतो, तरी तो त्याच्यावर चिडल्याचा उल्लेख नाही. हाक परमेश्वराची आहे हे उमगल्यावर एली शमुवेलाच्या वतीने ऐकायला जात नाही. काय उत्तर द्यायचे एवढे सांगून त्याला परत पाठवतो. सकाळी मात्र तो स्वतः विचारतो, आणि सांगायला भ्यालेल्या त्या मुलाच्या तोंडून आपल्याच घराण्याविरुद्धचा निकाल ऐकून, परमेश्वराला बरे वाटेल ते तो करो, असे म्हणून तो स्वीकारतो. मार्गदर्शकाची खरी कसोटी मला त्या सकाळीच दिसते, कारण मोठ्यांना न रुचणारे मुलाने बोलावे आणि मोठ्यांनी ते सोसावे, हे आपल्याकडे फार क्वचित घडते.

गरीब मुलांसाठी काम करणारे इटलीतील कॅथलिक धर्मगुरू डॉन बॉस्को यांच्या आठवणींतही हेच दिसते. 8 डिसेंबर 1841 रोजी तुरीन शहरात, मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) धर्मगुरूला साहाय्य करता येत नाही म्हणून मारून हाकललेल्या एका सोळा वर्षांच्या अनाथ मुलाला त्यांनी परत बोलावले, आणि धर्मशिक्षणाला हात घालण्यापूर्वी त्याचे नाव, आईवडील आणि वाचता-लिहिता येते का, हे विचारले.

ख्रिस्ती नसलेल्या घरांतील मुलेही गटात येतात, तेव्हा त्यांच्या आईवडिलांना सारे ठाऊक असलेच पाहिजे, याविषयी मी कठोर आहे. लपवून सांगितलेली सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, मला सुवार्ता वाटत नाही. मुलांशी एकेकट्याने बोलणे होते तेही इतरांच्या नजरेसमोर, आणि जिवाला धोका असेल तर मी गुपित ठेवणार नाही, हे त्यांना आधीच सांगितलेले असते.

तो मुलगा दोन महिन्यांनी पुन्हा मागे रेंगाळला. मीही खुर्च्या उचलू लागलो आणि एवढेच विचारले, "घरी कसं चाललंय?" खुर्च्या संपल्या तरी तो बोलत राहिला. मी वचन सांगितले नाही. निघताना तोच म्हणाला, "आज प्रार्थना मी करतो," आणि बाबांचे नाव घेऊन त्याने दोन वाक्यांची प्रार्थना केली. मी आमेन म्हटले.