विषय नको, प्रश्न द्या

ताळगाव, रविवार

आंतरमहाविद्यालयीन तत्त्वज्ञान निबंधस्पर्धेचे सगळे निबंध आज वाचून झाले. बहुतेकांची सुरुवात व्याख्येने होते, मध्ये थोरामोठ्यांची वचने येतात आणि शेवटी ‘म्हणून आपण सर्वांनी’ असे आवाहन येते. यात विद्यार्थ्यांचा दोष मला फारसा दिसत नाही. ‘तत्त्वज्ञान आणि आजचा तरुण’ असा विषय दिल्यावर त्यांनी दुसरे लिहावे तरी काय? अशा विषयावर कोणतीच भूमिका घ्यावी लागत नाही, त्यामुळे चूक ठरण्याची भीती नसते, आणि ती भीती नसली की युक्तिवाद करण्याची गरजही उरत नाही.

यंदा मात्र एक पर्याय सरळ प्रश्नाच्या रूपात होता: मृत व्यक्तीला दिलेले वचन पाळणे बंधनकारक आहे का? तो फार थोड्यांनी निवडला. त्यांपैकी एकाने आजीला दिलेल्या शब्दाबद्दल लिहिले आहे. कुळागर, म्हणजे घरची पोफळींची बाग, विकणार नाही, असे त्याने तिला सांगितले होते; आता आजी नाही आणि पोफळींची निगा राखायला घरात कोणी उरलेले नाही. मेलेल्या माणसाला दुखावता येत नाही, तेव्हा बंधनही संपले, हा युक्तिवाद तो आधी नीट मांडतो आणि मग उलटवतो. वचनातून मोकळे करण्याचा अधिकार ज्याला वचन दिले त्याच्याकडेच असतो. आजी गेल्यावर तो अधिकार वापरणारे कोणी राहिले नाही. म्हणजे मृत्यूमुळे वचन सैल होण्याऐवजी अधिकच घट्ट होते. एवढ्या तीन वाक्यांत त्याने स्वतः केलेला विचार आहे. मृतांवर जिवंतांच्या सुखदुःखाचा काही परिणाम होतो का, हा प्रश्न ॲरिस्टॉटलनेही आपल्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात गांभीर्याने घेतला आहे, आणि हा मुलगा, बहुधा ते न वाचता, त्याच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला आहे. पुढच्याच परिच्छेदात मात्र सत्यवचनी हरिश्चंद्र येतो, त्यापाठोपाठ सुविचार येतात आणि सुरू झालेला विचार तिथेच थांबतो. मला याचे फार वाईट वाटले, कारण गुणपत्रिकेत भाषा, मांडणी आणि संदर्भ यांना रकाने आहेत, पण युक्तिवादाला रकाना नाही, हे त्यालाही ठाऊक असणार.

अठराव्या शतकातल्या युरोपीय अकादमी, म्हणजे विद्वानांच्या संस्था, आपल्या निबंधस्पर्धांत प्रश्नच विचारत. विद्या आणि कलांच्या पुनरुज्जीवनाने नीती शुद्ध झाली का, असे फ्रान्समधल्या दिजाँच्या अकादमीने १७४९ मध्ये विचारले. रूसोने ‘नाही’ असे उत्तर दिले आणि १७५० मध्ये पारितोषिक त्यालाच मिळाले. तत्त्वमीमांसेतली, म्हणजे अस्तित्वाच्या मूळ स्वरूपाविषयीची, सत्ये भूमितीइतकी निश्चित असू शकतात का, या बर्लिनच्या अकादमीच्या प्रश्नावर १७६३ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ मेंडेल्सझोन पहिला आला आणि कांट दुसरा. निबंधावर नावाऐवजी एखादे बोधवाक्य लिहायचे आणि नाव वेगळ्या बंद पाकिटात द्यायचे, ही त्या काळची रीत मला आजही सर्वांत न्याय्य वाटते.

त्याहून मोलाची गोष्ट जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरच्या बाबतीत घडली. डेन्मार्कच्या शाही विज्ञान संस्थेच्या स्पर्धेत त्याचा एकट्याचाच निबंध आला होता, तरी १८४० मध्ये त्याला पारितोषिक नाकारण्यात आले. पण का नाकारले, ते संस्थेने लेखी कळवले: विचारलेल्या प्रश्नाला त्याने बगल दिली आणि समकालीन तत्त्वज्ञांबद्दल अनादराने लिहिले. त्याने पुढच्याच वर्षी निबंध छापला आणि प्रस्तावनेत त्या निकालाचा मुद्देसूद समाचार घेतला. कारणे हातात होती म्हणूनच त्याला भांडता आले. आपल्याकडे हरलेल्या विद्यार्थ्याला सहभागाचे प्रमाणपत्र मिळते.

गोव्यातल्या मुलांना असल्या प्रश्नांत रस नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पुढे बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक झालेल्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी ‘बालबोध’ मासिकात बुद्धाविषयी वाचले, ते त्यांच्या मनातून गेले नाही, आणि १८९९ मध्ये फारसे शालेय शिक्षण नसताना ते ज्ञानाच्या शोधात घराबाहेर पडले. तेव्हा रस आहे की नाही, हे ठरवण्याआधी मुलांसमोर काय ठेवले जाते, ते पाहावे.

उद्याच्या बैठकीत मी एकच प्रश्न, पुरेसा अवधी आणि प्रत्येक निबंधावर परीक्षकाचा लेखी अभिप्राय एवढे मागणार आहे. पहिल्या काही जणांशी अर्धा तास समोरासमोर चर्चाही व्हावी. यंत्राकडून लिहून घेतलेला निबंध ओळखण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

कुळागराच्या निबंधाखाली मी लिहिले आहे: ‘मोकळे करणारे कोणीच उरले नाही, असे तुम्ही म्हणता. मग आजची परिस्थिती पाहून आजीने तुम्हाला मोकळे केले असते का, या प्रश्नाला काही अर्थ राहतो का? राहत असेल, तर तुमचा निष्कर्ष टिकतो का? हरिश्चंद्राला वगळून पुन्हा लिहा.’ हा अभिप्राय विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवण्याची सोय सध्याच्या नियमांत नाही. उद्या सर्वांत आधी तीच मागायची आहे.