तुम्ही विचारलंत म्हणून: तो सुटला तर तुला एवढं का लागलं?

२०२५ च्या एप्रिलमध्ये आपल्या बेळगावच्या, अमेरिकेत खासदार झालेल्या श्री ठाणेदारांनी ट्रम्पवर महाभियोगाची सात कलमं तिथल्या संसदेच्या हाऊसमध्ये मांडली आणि मे महिन्यात मतदानाचा आग्रह सोडून दिला, तेव्हापासून हा प्रश्न मला जरा जास्तच यायला लागलाय. वहिनी विचारते, आत्येभाऊ विचारतो, शाळेच्या ग्रुपवर तर कुणी ना कुणी विचारतंच. की बाई, दोनदा महाभियोग झाला, दोनदा सुटला, लोकांनी परत निवडून पण दिला, मग तू अजून २०२१ च्या फेब्रुवारीतच का बसलीयेस? तुझं काय गेलं त्यात?

आजवर मी यावर घटना, कायदा, लोकशाही असं काहीबाही बोलून वेळ मारून नेलीय. ते खोटं नाहीये, पण माझं खरं उत्तर ते नाहीये.

आधी एक सांगते. मी ट्रम्पला कधीच मत दिलं नाही. पण हा राग नुसता हरल्या-जिंकल्याचा असता तर नोव्हेंबर २०२४ मध्ये तो जास्त यायला हवा होता ना? तेव्हा वाईट वाटलं, दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही, पण लोकांनी मतं दिली, मोजली गेली, मान्य केलं. १३ फेब्रुवारी २०२१ चं, म्हणजे सिनेटने त्याला दुसऱ्यांदा सोडलं त्या दिवसाचं, मात्र तसं होत नाही. त्याचं कारण २०१९ मध्ये आहे आणि ते मी घरात सोडून कुणालाच सांगितलेलं नाही.

मला सिटिझन होऊन तीन वर्षं झाली होती. मार्चमध्ये ज्यूरी ड्यूटीचं पत्र आलं, काउंटीच्या कोर्टात सकाळी आठला हजर व्हा. इथे बरेचजण ते टाळायला बघतात, मी मात्र साडी नेसायची तेवढी बाकी होती एवढ्या उत्साहाने गेले. आमचे आप्पा बेळगावच्या कोर्टात शिरस्तेदार होते, लहानपणी त्यांचा डबा द्यायला जायचे तेव्हा कोर्टाच्या पायरीवर आपोआप चप्पल हळू वाजवायचे मी. तेच मनात घेऊन गेले.

केस अशी होती. बावीस वर्षांचा मुलगा, हार्डवेअरच्या दुकानातून ड्रिल मशीन जॅकेटखाली घालून निघाला, दारात सिक्युरिटी गार्डने धरलं, याने धक्का दिला आणि पळाला. गार्ड साठीचा माणूस, पडला, मनगट दुखावलं. चोरीबद्दल वादच नव्हता. वाद एवढाच की ही नुसती चोरी की रॉबरी, कारण चोरीत बळ वापरलं की रॉबरी होते आणि त्याची शिक्षा कितीतरी मोठी.

आम्हाला निवडायलाच दीड दिवस गेला. एका बाईचा भाऊ पोलिसात, तिला घरी पाठवलं. एकजण त्याच दुकानाच्या दुसऱ्या शाखेत कधीकाळी कामाला होता, त्यालाही पाठवलं. मला विचारलं की तुमच्याकडे कधी चोरी झालीय का, तुम्ही निःपक्षपातीपणे ऐकू शकाल का. मी हो म्हटलं, शपथ घेतली. छातीवर ज्यूररचा बिल्ला. दुसऱ्या दिवशी मी लिफ्टमध्ये होते, दार बंद होता होता मुलाचा वकील धावत आला, त्याने हात घालून दार अडवलं आणि माझा बिल्ला बघितल्याबरोबर दोन पावलं मागे सरकला, सॉरी म्हणाला आणि पुढच्या लिफ्टसाठी थांबला. मला इतकं भारी वाटलं होतं तेव्हा. म्हटलं याला म्हणतात कोर्ट.

मुलाच्या अंगात नवा पांढरा शर्ट होता, पाकिटातून काढून इस्त्री न करताच घातलेला, छातीवर घडीच्या चौकोनी रेघा. तीन दिवस तोच शर्ट. पहिल्या दिवशी कडक होत्या रेघा, तिसऱ्या दिवशी जवळजवळ गेल्या होत्या. गार्डची साक्ष झाली, कॅशिअरची झाली, पोलिसाची झाली, दुकानाच्या कॅमेऱ्याची फिल्म आम्हाला परत परत दाखवली. एका ड्रिल मशीनसाठी तीन दिवस, आणि कुणी घाई केली नाही.

मग आम्ही बारा जण आत. खिडकीतून पार्किंग लॉट दिसायचा, कडेला बर्फाचे काळे पडलेले ढीग. पहिल्यांदा हात वर केले तेव्हा नऊ विरुद्ध तीन, दुपारपर्यंत अकरा विरुद्ध एक, आणि ती एक मी. मी म्हणत होते की तो धक्का चोरीसाठी नव्हता, सुटण्यासाठी होता, घाबरलेलं पोर आहे. तेव्हा एक रिटायर्ड स्कूल बस ड्रायव्हर होते आमच्यात, अगदी शांत माणूस, त्यांनी जजसाहेबांनी दिलेला लेखी कागद घेतला आणि हळू आवाजात वाचला, की चोरी करून लगेच पळून जातानाचं बळसुद्धा यातच धरायचं. शिक्षेचा विचार तुम्ही करायचा नाही, हे पण त्यातच होतं. मग म्हणाले, मॅडम, हे आपल्याला आवडतंय का असं त्यांनी विचारलेलंच नाहीये, झालं का एवढंच विचारलंय.

झालं होतं. मी हात वर केला.

नंतर कोर्टात प्रत्येकाला नंबराने विचारतात, हाच तुमचा निकाल का. मी सात नंबर. हो म्हटलं. तो मुलगा आमच्याकडे बघतच नव्हता, शर्टाच्या बाहीचं बटण लावत काढत होता.

मी बरोबर केलं. हे मी तुम्हाला नाही, मलाच सांगतेय. गार्डला पण न्याय हवाच होता, त्याचं मनगट काय फुकटचं होतं का? कायदा होता, पुरावा होता, शपथ होती. मी स्वतःला हेच सांगून घरी आले की माप सगळ्यांना एकच आहे, मी फक्त ते माप धरलं. या एका वाक्यावर मी दोन वर्षं नीट झोपले.

आणि मग २०२१. सहा जानेवारीला ट्रम्पच्या समर्थकांचा जमाव कॅपिटलवर, म्हणजे संसदेच्या इमारतीवर, चालून गेला ते तुम्ही पण टीव्हीवर बघितलंय. महाभियोगात आरोप हाऊस ठेवतं आणि खटला सिनेट चालवते. हाऊसने तेरा तारखेला २३२ विरुद्ध १९७ ने महाभियोग लावला, तेव्हा सिनेटचं बहुमत रिपब्लिकन नेते मॅककॉनेल यांच्याकडे, त्यांनी १९ तारखेच्या आत सिनेट परत बोलवायला नकार दिला, वीसला ट्रम्पची मुदत संपली. मग सुनावणी सुरू झाली नऊ फेब्रुवारीला. सिनेटचे शंभरही जण निःपक्षपाती न्याय करू अशी वेगळी शपथ घेऊन, वहीत सही करून बसलेले. त्यातले आठ जण असे की ज्यांनी सहा जानेवारीच्या रात्री स्वतः निवडणुकीच्या निकालाविरुद्ध मत दिलं होतं. आणि तिघे सिनेटर, ग्रॅहम, क्रूझ आणि ली, सुनावणी चालू असताना ट्रम्पच्या वकिलांना जाऊन भेटले, आणि ती भेट त्यांनी लपवली पण नाही! मला लिफ्टमधला तो वकील आठवला. अजून आठवतो.

मी पाचही दिवस बघितलं. कोविडमुळे घरूनच काम होतं, एका स्क्रीनवर ऑफिस, एका स्क्रीनवर सिनेट. हाऊसच्या वतीने आरोप मांडणाऱ्या खासदारांचे प्रमुख रॅस्किन बोलले तो पहिला दिवस विसरणं शक्यच नाही, जेमतेम सहा आठवड्यांपूर्वी त्यांचा तरुण मुलगा गेलेला, आणि सहा जानेवारीला त्यांची मुलगी त्याच इमारतीत लपून बसलेली, नंतर तिने त्यांना सांगितलं की मला परत कॅपिटलमध्ये यायचं नाही. हे सांगताना त्यांचा गळा दाटला. त्यांच्याच बाजूच्या प्लास्केट यांनी कॅमेऱ्याची फिल्म दाखवली, त्यात पोलीस गुडमन धावत येतो आणि सिनेटर रॉमनींना उलटं फिरवतो, नाहीतर ते थेट जमावाच्या दिशेने चालले होते. ज्यूरी स्वतःचाच जीव वाचल्याची फिल्म बघत होती.

इथे मला प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे की हे दोन्हीकडून चुकीचं होतं. ज्यांच्यावर हल्ला झाला तेच निकाल देणारे, हे माझ्या काउंटी कोर्टात पाच मिनिटं चाललं नसतं. साक्षीदारांचं तर मला डेमोक्रॅट्सवर जास्त राग येण्यासारखं झालं. शनिवारी सकाळी ५५ विरुद्ध ४५ ने ठरलं की साक्षीदार बोलवायचे, मी टाळी वाजवली, आणि थोड्याच तासांत तडजोड, एका खासदारबाईंचं निवेदन रेकॉर्डवर वाचून घेऊ, बस्स. ड्रिल मशीनसाठी तीन साक्षीदार, आणि इथे एकही नाही.

दुपारी चारच्या सुमाराला नावं पुकारली. एकेक जण जागेवर उभा राहून गिल्टी किंवा नॉट गिल्टी. ५७ आणि ४३. रिपब्लिकनांतले सात गिल्टी म्हणाले, तरी दोषी ठरवायला लागणाऱ्या दोन तृतीयांशला, म्हणजे ६७ ला, दहा कमी. आणि नॉट गिल्टी म्हणून थोड्याच वेळात मॅककॉनेल उभे राहून म्हणाले की या घटनेला ट्रम्पच जबाबदार आहेत यात शंका नाही, पण आता ते पदावर नाहीत, म्हणून सिनेटला अधिकार नाही. झालं का एवढंच विचारलंय, असं सांगणारा तो बस ड्रायव्हर त्या खोलीत नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, आणि मी स्वतः पण म्हणते, की १९९९ मध्ये तूच काय करत होतीस? बरोबर आहे. तेव्हा मी नवीन आलेले, एच-फोरवर, म्हणजे नवऱ्यामुळे मिळणाऱ्या व्हिसावर, काम करायची परवानगी नाही, दिवसभर अपार्टमेंटमध्ये एकटी, आणि क्लिंटनचा खटला हीच माझी सोबत. बारा फेब्रुवारीला ४५-५५ आणि ५०-५० ने तो सुटला तेव्हा मी हुश्श म्हटलं होतं. शपथेवर खोटं बोलल्याचा आरोप होता, आणि ते खोटं होतं हे मला माहीत होतं, तरी हुश्श म्हटलं. मला वाटलं, त्यासाठी काय राष्ट्राध्यक्ष काढतात का. म्हणजे त्या दिवशी मी पण आवडतंय का हेच बघितलं. दोन तृतीयांशची अट चांगली आहे असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे, १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचला त्याचं उदाहरण द्यायचे. आज ती अट मला सलते. दोन्हींत फरक आहे, खोटं बोलणं आणि जमाव चालून जाणं एक नाही, पण फरक आहे म्हणणारी मीच, हे मला कळतं.

२०२१ च्या त्या निकालानंतर दोन दिवसांनी, १५ फेब्रुवारीला, आप्पांचा फोन. पी. बी. सावंत गेले गं, पुण्यात. सावंत सुप्रीम कोर्टाचे माजी न्यायमूर्ती. १९९३ मध्ये त्याच कोर्टाच्या न्यायमूर्ती रामस्वामींवर महाभियोग आला तेव्हा चौकशी समितीचे अध्यक्ष सावंतच होते, समितीने दोषी धरलं, आणि लोकसभेत १९६ मतं बाजूने, विरोधात एकही नाही, आणि २०५ खासदार मतच न देता बसून राहिले. ठराव पडला. आप्पा त्या दिवशी जेवले नव्हते, मला आठवतंय. मी त्यांना म्हटलं, आता तुमच्यासारखंच झालंय माझं. ते म्हणाले, नाही, तुझे ते त्रेचाळीस निदान उभं राहून बोलले, त्यांची नावं लागली, आमचे तर मुके. मला ते तेव्हा पटलं नाही. कधीकधी पटतं.

पण त्या तेरा तारखेच्या रात्री मी काय केलं ते राहिलंच. दोन वर्षं मी त्या मुलाला किती शिक्षा झाली ते मुद्दाम बघितलं नव्हतं. त्या रात्री लॅपटॉपवर त्याचं नाव टाकलं. पाच वर्षं. फोटोत साधा टी-शर्ट होता.

माझं काय गेलं विचारता ना? ते एक वाक्य गेलं, माप सगळ्यांना एकच आहे हे. २०२५ च्या जानेवारीत सहा जानेवारीच्या जवळजवळ पंधराशे जणांना माफी दिली गेली, तेव्हा मी परत त्या मुलाचीच वर्षं बोटांवर मोजत बसले.

मागच्या आठवड्यात पुन्हा ज्यूरी ड्यूटीचं पत्र आलंय. फ्रीजवर मॅग्नेटखाली लावून ठेवलंय. नवरा म्हणतो तब्येतीचं कारण लिही, सोडतात. जाणार आहे मी, पण निःपक्षपातीपणे ऐकू शकाल का असं विचारलं तर हो म्हणायचं की नाही ते अजून ठरलेलं नाहीये.