एक नंबरची पिन

तासगावच्या एका बेदाणावाल्यांकडं आमचं वॉशिंग-ग्रेडिंगचं मशीन गेलेलं, कुपवाड एमआयडीसीतच बनवलेलं, वायरिंगचं डिझाइन माझं. मार्चमध्ये ऐन सीझनला फोन, "साहेब, कन्व्हेयर मनानंच थांबतोय."

जाऊन बघतोय तर सेन्सरवरचा दिवा बंद आणि पॅनलमध्ये पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, इनपुटचा दिवा चालू, म्हणजे भानगड मधेच कुठंतरी. केबलचा एम१२ कनेक्टर, म्हणजे सेन्सरला लागतो तो छोटा गोल आट्यांचा, फिरवला तर बोटांना चिकट पाणीच लागलं. एक नंबरची पिन, म्हणजे ब्राऊन वायरची २४ व्होल्टची, हिरवीगार होऊन खाल्लेली, निळ्या, म्हणजे मायनसच्या वायरची मात्र बऱ्यापैकी स्वच्छ. डीसीत ओल शिरली की प्लसची पिन आधी जाते. त्यात बेदाणा धुतलेलं पाणी म्हणजे साधं पाणी नव्हं, द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेटमध्ये बुडवून वाळवलेली असतात, त्याचा अंश उतरतो आणि त्यातनं करंट सरकत सरकत चार नंबरच्या काळ्या, म्हणजे सिग्नलच्या वायरवर, म्हणून सेन्सर गप्प असतानाही पीएलसीला सिग्नल.

"आयपी ६७ आहे की हे," मी म्हणलं. ऑपरेटर पोरगं म्हणलं, "पण मी तर रोज प्रेशरनं धुतो." झालं! आयपी म्हणजे धूळ-पाणी रोखायचं रेटिंग, त्यातलं ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, फवाऱ्याची टेस्ट त्यात येतच नाही, आणि तेपण नट पूर्ण आवळलेला असला तर. आमचे निम्मे अर्धवट फिरवलेले, आतली रबरी रिंग चपटी.

असे चौदा कनेक्टर. स्वस्तातले घेऊन नगामागं दीडशे रुपये वाचवले म्हणून मीच मिटिंगमध्ये कौतुकानं सांगितलेलं. आणि त्याच मशीनला पॅनल ते फ्रेम २४ पिनचे दोन मोठे हेवी ड्यूटी कनेक्टर, हूड, हाउसिंग, वायरवर दाबून बसवायच्या क्रिंप पिना, वर क्रिंपिंगला पोराचा एक अख्खा दिवस. का, तर दिसायला भारी. मशीन एका ट्रकात अख्खं मावतं, ते कनेक्टर काढणार कोण?

रात्री चौदाही कापून टाकले, केबली जंक्शन बॉक्समध्ये खालनं ग्लँडमधनं, म्हणजे केबल घट्ट धरून पाणी अडवणाऱ्या नटातनं, घेतल्या, आधी जरा झोल सोडून, म्हणजे पाणी तिथंच टपकतं. मालक दोनदा चहा घेऊन आले पण बोलले काहीच नाहीत, तेच जास्त लागलं.

आता सारखा बदलावा लागणारा सेन्सर असेल तरच कनेक्टर, तोपण केबलसकट ओतीव आणि फवाऱ्याचं रेटिंग असलेला, बाकी सगळं ग्लँड आणि टर्मिनल. मोठा फक्त मशीन तुकड्यात जाणार असेल तर. मागच्या महिन्यात तासगावला गेलेलो, त्या दोन मोठ्यांची खिट्टी पहिल्या दिवसापासनं कुणी हलवलेली नाही, वर बोटभर धूळ.