तिसऱ्या वर्तुळाचा हिशेब

स्मरणिकेत आठवणी बाकीचे लिहितीलच. मी नववीच्या संचांवर लिहितो, कारण संच वर्तुळांनी दाखवणारी ती वेन आकृती स्पर्धा परीक्षांत पुन्हा भेटते आणि तिथे नेमकी दोन वर्तुळांची तीन होतात.

समजा मुलं १२०. कबड्डीत ६५, खो-खोत ५२, लंगडीत ४०. कबड्डी व खो-खो खेळणारे २५, खो-खो व लंगडी १८, कबड्डी व लंगडी २०. तिन्ही खेळणारे ८. एकही खेळ न खेळणारे किती?

आधी चौकट काढा, तो विश्वसंच, म्हणजे सगळी १२० मुलं. ती विसरली की न खेळणाऱ्यांना जागाच उरत नाही. मग भरायला मधूनच सुरुवात करायची. तिन्ही वर्तुळांच्या छेदात, म्हणजे सामाईक भागात, ८. त्याला लागून असलेल्या पाकळ्यांत २५, १८, २० जसेच्या तसे लिहिले की गणित फसलं, कारण त्या आकड्यांत ते ८ आधीच मोजलेले आहेत. पाकळ्यांत येतात १७, १०, १२. आता फक्त कबड्डी: ६५ − (१७ + १२ + ८) = २८. तसंच फक्त खो-खो १७, फक्त लंगडी १०. सातही भागांची बेरीज १०२, चौकटीत बाहेर उरले १८.

सूत्रानेही तेच येतं: तिन्ही खेळांची बेरीज १५७ − जोड्यांची बेरीज ६३ + तिन्ही खेळणारे ८ = १०२. शेवटी ८ का मिळवायचे? तिन्ही खेळणारा मुलगा बेरजेत तीनदा आला, वजाबाकीत तीनदा गेला. तो एकदा परत घ्यावा लागतो. पण सूत्र एवढंच सांगतं. ‘नेमके दोन खेळ’ (३९) आणि ‘किमान दोन’ (४७) विचारलं की आकृतीकडेच यावं लागतं. प्रश्नातल्या ‘फक्त’, ‘नेमके’, ‘किमान’ या शब्दांखाली रेघ मारावी. गुण बहुधा तिथेच जातात. एखाद्या भागात ऋण संख्या आली, तर वजाबाकी तपासा. ती बरोबर असेल तर दिलेली माहितीच विसंगत आहे.

तिन्हींचा आकडा दिलाच नाही, तर तो क्ष धरा. एकूण खेळणारे ९४ + क्ष होतात. सर्वांत लहान जोडी १८ची, म्हणून क्ष १८च्या वर जात नाही आणि न खेळणारे ८ ते २६ यांमध्येच असतात. पर्याय दिले असतील तर कित्येकदा एवढ्यावरच भागतं.

चौथा खेळ आला तर मात्र वर्तुळं सोडा. बाहेरचा धरून सोळा भाग लागतात आणि चार वर्तुळांतून चौदाच्या वर निघत नाहीत. १८८० साली जॉन वेननेही तिथे लंबवर्तुळंच काढली होती.